दिवाळीत हसायचं, पण कुणाच्या जिवावर?

गणपती बसले की आमच्या इंदूरच्या मराठी घरांत जी धावपळ सुरू होते ती तुळशीच्या लग्नापर्यंत काही थांबत नाही. महालक्ष्म्या, अनंत चतुर्दशीच्या झाँक्या (रोषणाईचे चित्ररथ), पितृपक्ष, नवरात्र, कोजागिरी आणि मग दिवाळी. त्यात 2017 पासून देशाच्या स्वच्छता सर्वेक्षणात सलग कित्येक वर्षं पहिला नंबर घेतलेलं हे शहर, त्यामुळे घराच्या साफसफाईतही कुणी मागे राहायला तयार नसतं. पुण्या-मुंबईचे पाहुणे येतात ते पहाटे अभ्यंगस्नान आणि रात्री सराफा असा बेत ठरवूनच. सराफ्यात दागिन्यांची दुकानं बंद झाल्यावर खाण्याची लागतात. तिथून गराडू (तळलेला कंद), भुट्ट्याचा कीस, जिलबी खाऊन परत यायला मध्यरात्र उलटते. सकाळी सगळ्यांच्या आधी उठून पोहे भिजवणारी, शेव आणि पोह्यांवर भुरभुरायचा जीरावन मसाला काढून ठेवणारी बाई मात्र रोज तीच असते.

हे सगळं आपल्याला हवंच असतं. मलाही हवं असतं. पण या दिवसांत चिडचिड होते, पाठ धरते, झोप पुरत नाही, आणि मग कुणीतरी सांगतं, "अगं, हसून घे, एवढं काय मनावर घेतेस!" त्याबद्दल आज सविस्तर लिहायचं आहे. हसण्याने ताण हलका होतो हे मला मनापासून मान्य आहे. फक्त तो कुणाचा हलका होतो, हे बघायला हवं. जिच्या अंगावर काम आहे तिला त्या विनोदाने हसू आलं पाहिजे.

मागे एका भाऊबिजेला आमच्याकडे पंगत बसली होती. जाऊबाईंच्या रव्याच्या लाडवांचा पाक जरा पुढे गेला होता, लाडू कडक झाले होते. नात्यातल्या एकांनी लाडू ताटात आपटून दाखवला आणि म्हणाले, "वहिनी, याच्याबरोबर हातोडी पण वाढा." सगळी पंगत हसली. जाऊबाईही हसल्या. मग स्वयंपाकघरात जाऊन त्यांनी तो डबा उचलून सगळ्यात वरच्या फळीवर, मागच्या बाजूला ठेवून दिला. तो नंतर कुणी काढला नाही. त्या दिवशी त्या पहाटेपासून उभ्या होत्या, आणि हे बोलणाऱ्यांनी सकाळपासून पाण्याचा तांब्याही उचलला नव्हता. मला अजून राग आहे त्या विनोदाचा.

मानसशास्त्रज्ञ रॉड मार्टिन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2003 मध्ये माणसांच्या विनोदाचे चार प्रकार मांडले. माणसं जोडणारा, स्वतःला सावरणारा, दुसऱ्याला टोचणारा आणि स्वतःलाच कमी लेखणारा. पहिले दोन मनाच्या स्वास्थ्याबरोबर दिसतात, उरलेल्या दोघांचं तसं नाही. दिवाळी जवळ आली की फोनवर जे विनोद फिरतात, बायको कशी नवऱ्याला स्टुलावर चढवते, सासू कशी चकल्या मोजते, ते या चौकटीत ठेवून बघा. बहुतेक तिसऱ्या प्रकारचे निघतील. आणि आपण बायका स्वतःवर जे करतो, "माझ्या हातचं काय खाताय, दुकानातलंच आणायला हवं होतं," ते चौथ्या प्रकारचे. मला वाटतं हे दोन्ही आता पुरे झाले.

पहिल्या प्रकारचा विनोद मी आमच्या सासूबाईंकडून शिकले. अनारशांचा घाट ज्यांनी घातला आहे त्यांना ठाऊक आहे. तांदूळ तीन दिवस भिजवायचे, रोज पाणी बदलायचं, सावलीत कपड्यावर पसरायचे, किंचित ओल असतानाच कुटून चाळायचे, गूळ घालून मळायचं आणि गोळे डब्यात मुरवत ठेवायचे. एवढं करून तुपात सोडल्यावर अनारसा टिकेल याची खात्री नाहीच. एका वर्षी पहिलाच अनारसा कढईत हसला, जाळी सुटून सगळ्या तुपात पसरला. मागोमाग दुसराही. मी पलित्याने नुसते तुकडे गोळा करत होते आणि डोळ्यांत पाणी यायला लागलं होतं. सासूबाई पाटावर बसून खसखशीवर अनारसे थापत होत्या. त्यांनी कढईत वाकून पाहिलं आणि म्हणाल्या, "तो एवढा हसतोय आणि तू रडतेस? उठ, मला बसू दे तिथे." त्यांनी पलिता माझ्या हातातून घेतला, गॅस बारीक केला, उरलेल्या पिठात थोडी तांदळाची पिठी मिसळली आणि मला चहा ठेवायला पाठवलं. चहा गाळताना मी एकटीच खुदखुदत होते. त्यांनी मला हसवलं आणि त्याच वेळी कढईसमोरची जागाही घेतली, म्हणून त्या बोलण्याची किंमत. नुसतं बोलून त्या थापत राहिल्या असत्या तर मला ते लागलं असतं.

ऑक्सफर्डच्या रॉबिन डनबार यांच्या गटाने 2011 मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला होता. माणसांना हसवणारं काही दाखवायचं आणि मग त्यांना किती दुखणं सोसवतं ते मोजायचं, हातावर गारठवलेली पट्टी बांधून किंवा रक्तदाबाचा पट्टा आवळून. खदखदून हसलेल्यांची सोसण्याची ताकद वाढलेली दिसली. अशा हसण्याने शरीरात एंडॉर्फिन, म्हणजे दुखणं कमी करणारी रसायनं, सुटतात, असं त्यांचं म्हणणं. आणि हसण्याचे अभ्यासक रॉबर्ट प्रोव्हाइन यांनी लोकांचं रोजचं हसणं टिपलं तेव्हा दिसलं की एकट्यापेक्षा चारचौघांत माणूस सुमारे तीसपट जास्त हसतो. म्हणून स्वयंपाकघरात एकटीला तळायला बसवून बाहेरच्या खोलीत हास्याचे फवारे उडवणं मला पटत नाही. सोऱ्या बाहेर आणा, करंज्यांचं सारण बाहेर आणा, गप्पा तिथेच होऊ द्या.

आपल्या आधीच्या बायकांना हे नीट कळलं होतं. दिवाळीआधी, हस्ताच्या पावसात भोंडला असायचा, मध्ये पाटावर हत्ती आणि भोवती फेर. त्या गाण्यांमध्ये सासू, नणंद, दीर कुणाचीच सुटका नाही. सासुरवाशिणी सगळ्यांदेखत, कधी सासरच्याच अंगणात, हे म्हणायच्या आणि सासूबाई खिरापत घेऊन शेजारी उभ्या असायच्या. ज्यांना घरात तोंड उघडता येत नव्हतं त्यांना तिथे विनोद करायची मुभा होती. आणि इंदूर तरी काय वेगळं आहे? रंगपंचमीच्या आदल्या रात्री इथे बजरबट्टू संमेलन भरतं, नावाजलेली, पदांवरची माणसं चित्रविचित्र सोंगं घेऊन निघतात. मोठ्यांवर हसायची परवानगी शहर स्वतः देतं. घरातही हसू मोठ्यांकडे वळावं, थकलेल्यांकडे नाही.

आमच्याकडे आता कोजागिरीच्या रात्री गच्चीवर, मसाला दूध आटेपर्यंत खातेवाटप होतं. पंखे व जळमटं खातं, माळा व अडगळ खातं, चिवडा राज्यमंत्री, रांगोळी व परराष्ट्र, म्हणजे पाहुण्यांना सराफ्यात नेऊन आणणं. शपथविधी होतो, सासूबाई शपथ देतात. पोरं पोट धरून हसतात, आणि कामं खरंच वाटली जातात. जे काम "जरा मदत करा ना" म्हणून कधी झालं नाही ते मंत्रिपदामुळे होतं. परराष्ट्र खातं मोठ्या दिरांकडे गेल्यापासून रात्री एक वाजता गाडी काढायला मला कुणी उठवत नाही.

एवढंच सांगते की सगळं हसण्यावर नेऊ नये. पैशाची ओढाताण असेल, कुणाला रात्र रात्र झोप नसेल, जीव नकोसा वाटत असेल, तर विनोद बाजूला ठेवून सरळ बोलावं, डॉक्टरांकडे जावं.

आणि दुःखाचं वर्ष असेल तर? सासरे गेले त्या दिवाळीला आमच्याकडे तळण नव्हतं. शेजारच्या काकू, आत्या, लोकमान्य नगरच्या मावशी डबे आणून देत होत्या. सगळे हळू आवाजात बोलत होते. सासऱ्यांची आकाशकंदील लावायची पद्धत अशी की एकाने स्टूल धरायचं, एकाने वायर, आणि सासूबाईंना सांगायचे, "तू फक्त लक्ष ठेव." दिवा लागला नाही की खाली उतरून म्हणायचे, "लक्ष कमी पडलं तुझं." हे त्या संध्याकाळी सासूबाईंनी स्वतःच काढलं, त्यांच्या आवाजाची नक्कल करून. आम्हाला आधी हसावं की नाही कळेना. त्याच हसल्या, रडल्या, पुन्हा हसल्या. मग दिरांनी त्यांचे आणखी किस्से काढले आणि बऱ्याच दिवसांनी घरात बाबांचं नाव मोकळेपणाने घेतलं गेलं. ते कधी काढायचं हे सासूबाईंनी ठरवलं, आमच्यापैकी कुणी नाही. असं मी तरी दुसऱ्या कुणाला ठरवू देणार नाही.

यंदा पंखे व जळमटं खातं रिकामं आहे, पुतण्या नोकरीला पुण्याला गेला. मोठ्या दिरांनी आधीच गुडघ्याचं कारण पुढे केलंय. जाऊबाई म्हणाल्यात, "चालेल, पण डॉक्टरांची चिठ्ठी लागेल, आणि चिवडा खातं मग तुमच्याकडेच."