न्यूट्रल लूज आहे

काल दुपारी, म्हणजे जीएसटी रिटर्नच्या २० तारखेच्या बरोबर आदल्या दिवशी, एका वायरमनने मला हरवलं. तेही त्याचं स्टूल मी धरलेलं असताना. स्टूल डुगडुगत होतं म्हणून धरलं. एरवी नसतं धरलं.

तक्रार नेहमीचीच. अकाउंट्समध्ये नवीन मशीन आलं आणि त्यावर सर्व्हरची फाइल उघडायला सात-सात मिनिटं लागायला लागली. पिंग, म्हणजे सर्व्हरला हाक मारून 'ओ' यायला किती वेळ लागतो ते बघणं, मात्र ठणठणीत. चार पाठवले, चार आले, सगळे एका मिलिसेकंदाच्या आत. पिंग पळतो आणि फाइल रांगते असं ऐकलं की नेटवर्कच्या धंद्यातला माणूस केबलकडे ढुंकूनही बघत नाही, आधी डुप्लेक्स बघतो, म्हणजे दोन्ही टोकं एकाच वेळी बोलतात ते 'फुल' की पाळीपाळीने बोलतात ते 'हाफ'. (हा माज पुढे नडला.) सगळ्या मशीनच्या केबल जिथे जुळतात तो स्विच रॅकमध्ये, आणि रॅक भिंतीवर आठ फुटांवर टांगलेला. त्यातून लोंबणारी, स्विचला हुकूम द्यायची निळी कन्सोल केबल, तिला यूएसबीचं शेपूट, मांडीवर लॅपटॉप, बुडाखाली ए-फोर कागदाचं खोकं. 'शो इंटरफेसेस स्टेटस' मारलं. सगळ्या पोर्टांसमोर 'ए-फुल, ए-१०००', आणि १७ नंबरसमोर नुसतंच 'फुल, १००'.

'ए' म्हणजे ऑटो, स्पीड आणि डुप्लेक्स दोन्ही टोकांनी आपसात वाटाघाट करून ठरवणं. तो गायब, म्हणजे कुणीतरी त्या पोर्टवर स्पीड आणि डुप्लेक्स हाताने ठोकून बसवलंय. अशा पोर्टची वाटाघाट बंद होते. समोरचं मशीन ऑटोवर असेल तर ते बिचारं विचारत राहतं, उत्तर येत नाही. सिग्नलवरून त्याला स्पीड १०० आहे एवढं कळतं, डुप्लेक्स कळायला मार्ग नाही, मग नियमाप्रमाणे ते हाफ धरून चालतं. झालं, एका टोकाला फुल आणि दुसऱ्या टोकाला हाफ. सोसायटीच्या सभेत असतात तशी ही जोडी. हाफवाला सभ्य, समोरून आवाज आला की स्वतःचं वाक्य मध्येच तोडतो. फुलवाला कुणाचं न ऐकता बोलतच राहतो आणि समोरून आलेली अर्धवट वाक्यं 'सीआरसी एरर' म्हणून वहीत टिपून ठेवतो. पहिल्या ६४ बाइटांत टक्कर झाली तर हाफवाला पुन्हा पाठवतो. त्यानंतर झाली तर ती लेट कोलिजन, तिथे मशीनचं नेटवर्क कार्ड हात झटकतं आणि डेटा पोचल्याची खात्री करणाऱ्या वरच्या टीसीपीला सगळं निस्तरावं लागतं. पिंग एकावेळी एकच जातो, उत्तर आल्यावर दुसरा, त्यामुळे टक्कर होतच नाही आणि सगळं आलबेल दिसतं. 'शो इंटरफेसेस' मध्ये सीआरसीचा आकडा पाच अंकी होता, खाली रंट्स, म्हणजे ६४ बाइटांहून तोकडे तुकडे, तेही भरपूर. निदान पक्कं.

मी मनातल्या मनात चहा मागवला, तेवढ्यात वरून आवाज आला.

"साहेब, न्यूट्रल लूज हाय."

रॅकच्या शेजारची ट्यूब बदलायला आलेला वायरमन. ट्यूब काखेत, टेस्टर कानावर.

"दादा, यात न्यूट्रल नसतो."

"न्यूट्रलबिगर करंट येतो कसा?"

खरं तर इथे गप्प बसायला हवं होतं. पण सांगितलं. आठ तारा, चार जोड्या, प्रत्येक जोडीला पीळ. एका तारेत सिग्नल वर गेला की जोडीदारणीत तेवढाच खाली. समोरचा फक्त दोघींमधला फरक मोजतो, त्यामुळे बाहेरचा गोंगाट दोघींवर सारखाच पडतो आणि वजाबाकीत निघून जातो.

त्याने शांतपणे ऐकलं. "मंग फेज कंची?"

"दोन्ही."

"दोन्ही फेज?"

"तसंच समजा."

तो बराच वेळ रॅककडे बघत राहिला. मग आमच्या अकाउंट्सच्या मॅडमना वरूनच सांगितलं, "मॅडम, दोन्ही तारांत फेज सोडलाय ह्यांनी. म्हणून चालंना तुमचं." आणि मॅडमनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू तीन महिन्यांचा टीडीएस मीच बुडवला.

"किती व्होल्ट हाय पण?"

"एक-दोन."

"एक-दोन व्होल्टात काय व्हतंय साहेब? बेलला बी पुरत नाही."

मी 'कॉन्फिगर टर्मिनल' मारलं. 'इंटरफेस गिगाबिटइथरनेट १/०/१७', 'स्पीड ऑटो', 'डुप्लेक्स ऑटो'. आता दोन्हीकडे ऑटो, एक हजार, फुल, घरी जा.

लाइटच गेला. एकदा लागला, परत गेला. स्टेटसमध्ये 'नॉटकनेक्ट'.

"इझला," वरून समालोचन. "मघाशी निदान चालू तरी व्हतं," मॅडम.

केबल मी बघितलीच नव्हती. वायरमन मात्र नाकासमोर असलेल्या पारदर्शक प्लगमध्ये डोळे घालून बसला होता. "साहेब, ह्यात निळी तारच न्हाई. तपकिरी बी न्हाई. निळी म्हंजे न्यूट्रल."

स्टूलवर एक पाय ठेवून बघितलं. खरंच नव्हती. नारिंगीची जोडी १-२ वर, हिरवीची ३-६ वर. ४, ५, ७, ८ रिकाम्या. निळी आणि तपकिरी जोडी बाहेरच्या बाहेर कापून वळवलेली, त्यातल्या निळीवर साहेबांच्या केबिनचा इंटरकॉम. एका केबलमध्ये दोन कामं करून दुसऱ्या केबलचे पैसे वाचवणाऱ्या त्या थोर कंत्राटदाराने बिल मात्र दोन केबलांचं लावलं असणार, यावर मी पैज लावायला तयार आहे.

आता सगळा उलगडा झाला. १०० मेगाबिटला दोन जोड्या पुरतात, गिगाबिटला, म्हणजे हजार मेगाबिटला, चारही लागतात. पण वाटाघाट मात्र पहिल्या दोन जोड्यांवरच होते. दोन्ही टोकं एकमेकांना "हजार जमेल?" "जमेल की!" म्हणून वचन देऊन बसतात, आणि उरलेल्या जोड्यांवर कुणीच भेटत नाही. काही कार्डं दोन-चार ठेचा खाऊन १०० वर उतरतात. आमचं बाणेदार निघालं. म्हणूनच पोर्ट ठोकणाऱ्या त्या माणसाने १००-फुल ठोकलं होतं आणि जुन्या मशीनवरही तसंच ठोकलं असणार. दोन्हीकडे ठोकलं की चालतं. नवीन मशीन आलं ऑटोवर, आणि पोर्टच्या डिस्क्रिप्शनमध्ये लिहिलेलं काय, तर 'टेस्ट २'. अहो, एक ओळ! 'दोनच जोड्या, इंटरकॉम' एवढं लिहायला किती शाई लागते?

१९९५ साली १०० मेगाबिटबरोबर ऑटो-निगोशिएशन आलं तेव्हा वेगवेगळ्या कंपन्यांच्या कार्डांचं पटत नसे, हे मान्य. तेव्हा ठोकणाऱ्यांना दोष नाही. पण १९९९ च्या तांब्यावरच्या गिगाबिटमध्ये ऑटो सक्तीचंच आहे, कारण घड्याळ कुणाचं चालणार हे दोन टोकांना आधी ठरवावं लागतं. तरी आजही "ऑटोवर भरवसा नको" म्हणणारे भेटतात, आणि त्यांच्या हातात पासवर्ड असतात.

नवी केबल ओढायची तर सीलिंग उघडा, त्याला मंजुरी, ती पुढच्या तिमाहीत. म्हणून 'स्पीड ऑटो १० १००'. वाटाघाट चालू ठेवायची, पण हजाराचं वचन द्यायचंच नाही. लाइट लागला, नारिंगी.

नारिंगी लागणारच. स्पॅनिंग ट्री, म्हणजे केबलींचं वेटोळं होऊ नये म्हणून स्विचमध्ये असलेली राखण, १५ सेकंद ऐकतं, १५ सेकंद शिकतं, मग वाट मोकळी करतं. संगणकाच्या पोर्टवर 'पोर्टफास्ट' घातलं की हे थांबणं टळतं, आणि ते घालायचं आमच्या पूर्वजांना सुचलं नव्हतं. मी तीस सेकंद मोजत होतो. विसाव्याला वायरमन म्हणाला, "दाबून बघू का?" अठ्ठाविसाव्याला त्याने प्लग अंगठ्याने दाबला. तिसाव्याला लाइट हिरवा झाला.

"बघा! लूजच व्हतं."

फाइल चार सेकंदांत उघडली. मॅडमनी टाळ्या वाजवल्या. वायरमनला चहा आला, बिस्किटं आली. मी 'क्लिअर काउंटर्स' मारून मोठी फाइल कॉपी करून पाहिली, सीआरसी शून्यावरून हलेना. हे मी दोघांना सांगितलं. दोघेही "हो का" म्हणाले. मग त्याला ट्यूब बसवायची होती आणि स्टूल धरायला दुसरं कुणी नव्हतं.

ट्यूबसाठी त्याने एमसीबी पाडला. रॅकच्या यूपीएसची बॅटरी दिवाळीपासून मेलेली आहे. मेल पाठवून झालेत, आठवण करून झालीये. स्विच बंद झाला, चार मिनिटांनी उठला, आणि उठला तो जुन्याच कॉन्फिगवर. कारण टाळ्या, चहा आणि स्टूल यांच्या गडबडीत 'राइट मेमरी', म्हणजे केलेले बदल कायमचे साठवायचा हुकूम, मारायचं राहून गेलं होतं.

आज सकाळी सव्वादहाला मॅडमचा फोन. "परत फिरतंय हो नुसतं. त्या कालच्या वायरमनचा नंबर आहे का तुमच्याकडे?"

नंबर होता. जाताना त्याने माझ्याच फोनवरून स्वतःला मिस्ड कॉल दिला होता आणि 'नेट वायरमन' अशा नावाने न विसरता सेव्ह करून ठेवला होता.