कळंबोलीची गाडी सुरतेला का वळली

'मोठे संकट आले की रेल्वेची मालवाहतूक सर्वांत आधी कोलमडते' अशा मथळ्याचा एक मजकूर व्हॉट्सॲपवरून फिरत फिरत गेल्या आठवड्यात नाशिकच्या माझ्या मावशीपर्यंत पोहोचला. टाळेबंदीत रेल्वे पूर्ण बंद होती, देश केवळ ट्रकवाल्यांनी जगवला, ऑक्सिजन एक्स्प्रेस (कोरोनाकाळात प्राणवायूचे टँकर वाहणारी खास मालगाडी) दिखाव्यासाठी सुरतमार्गे उलटी फिरवल्याने माणसे दगावली आणि कोळसा सोडला तर मालगाडीला कामच नाही, असे त्यात ठोकून दिले आहे. माझे काका एप्रिल 2021 मध्ये प्राणवायूवर असतानाच गेले. मावशीने फोनवर एवढेच विचारले, "गाडी सरळ आली असती, तर हे वाचले असते का रे?" त्या प्रश्नामुळे हे लिहितो आहे.

सुरतेचेच आधी पाहू. द्रवरूप प्राणवायूचे टँकर ट्रकसकट सपाट वाघिणींवर, म्हणजे मालगाडीच्या उघड्या डब्यांवर, चढवून न्यायचे होते. रेल्वे मंत्रालयाने त्या वेळी दिलेल्या माहितीनुसार निवडलेल्या टँकरची उंची 3320 मिलिमीटर आणि वाघिणीची 1290, म्हणजे एकूण साडेचार मीटरांहून अधिक. वर विजेची तार, वाटेत बोगदे, पूल आणि फलाटांची छपरे. अशा मापाबाहेरच्या मालाला घाटातून जाण्याची परवानगी नसते. मुंबईहून नाशिककडे जाणारी सरळ वाट कसाऱ्याच्या घाटातूनच चढते, म्हणून सात रिकामे टँकर घेऊन 19 एप्रिलला नवी मुंबईजवळच्या कळंबोलीहून निघालेली गाडी वसई, सुरत, भुसावळ, नागपूर अशी विशाखापट्टणमला गेली. सुमारे 1850 किलोमीटरचे हे अंतर तिने जवळपास 50 तासांत कापले. तिथे टँकर भरायला दहा तास लागले, पुढे 21 तासांत गाडी नागपूरला आली, तीन टँकर तिथे उतरले आणि उरलेले चार 24 तारखेला सकाळी नाशिकला पोहोचले.

आता नकाशा पाहावा. नागपूरहून नाशिकला येताना भुसावळ आणि मनमाड लागते, कसारा घाट लागतच नाही. म्हणजे भरलेला प्राणवायू सुरतेच्या वाटेला गेलाच नाही. वळसा पडला तो रिकाम्या टँकरांना, आणि तोही घाटामुळे. ज्या घरातले माणूस गेले आहे, त्या घरात 'मुद्दाम उशीर केला' असे लिहून पाठवण्याआधी एवढे तपासणे कुणालाही अशक्य नव्हते.

एक गोष्ट मात्र नाइलाजाने मान्य करतो. महाराष्ट्रात या गाड्यांनी उतरवलेला प्राणवायू एकूण 614 टन होता आणि त्या दिवसांत राज्याची एका दिवसाची गरजच दीड हजार टनांच्या घरात होती. बहुतेक प्राणवायू रस्त्यानेच आला, आणि त्या चालकांचे श्रेय कुणी काढून घेत नाही.

'रेल्वे पूर्ण बंद होती' हे मात्र साफ खोटे आहे. मार्च 2020 मध्ये बंद झाल्या त्या प्रवासी गाड्या. मालगाड्या धावत होत्या. पंजाब-हरियाणाचे धान्य त्यांनीच देशभर पोहोचवले, आणि सीमेवरची रस्तावाहतूक अडली तेव्हा मे महिन्यात लासलगाव परिसरातला कांदाही रेल्वेनेच बांगलादेशला गेला. कारखाने थांबल्यामुळे एप्रिल 2020 मधील मालाची भरणी आदल्या वर्षीच्या सुमारे 101 दशलक्ष टनांवरून 65 दशलक्षांवर घसरली, हे खरे. परंतु 2020-21 हे वर्ष संपले तेव्हा एकूण आकडा 1233 दशलक्ष टनांवर, म्हणजे आदल्या वर्षाहून काहीसा वरच गेला होता. प्रवासी गाड्या नसल्यामुळे रूळ मोकळे होते आणि जुलैत मालगाडीचा सरासरी वेग ताशी 23 किलोमीटरवरून 45 झाला; या यशात तेवढा वाटा रिकाम्या रुळांचा आहे, हेही सांगायला हवे. प्रवासी उत्पन्न 50 हजार कोटींवरून 15 हजारांवर आलेल्या त्या वर्षी रेल्वेला तारले ते मालानेच.

कोळशाबद्दल थोडक्यात. चढवलेल्या मालात जवळपास निम्मा कोळसा असतो आणि 2022 च्या उन्हाळ्यात कोळशाच्या गाड्यांसाठी प्रवासी गाड्या रद्द कराव्या लागल्या. हे अवलंबित्व काळजीचेच आहे. पण उरलेल्या निम्म्यात लोहखनिज, सिमेंट, धान्य, खते आणि कंटेनर आहेत, ते मजकूर लिहिणाऱ्याने कुठे टाकले?

रविवारी नाशिकला जाऊन मावशीला नकाशावर भुसावळ-मनमाडची वाट दाखवणार आहे, आणि ज्या शेजाऱ्याने तिला तो मजकूर पाठवला, त्यालाही.