फोनचे किती फिटले, एवढंच सांगा

स्क्रीनवर ३४ टक्के बॅटरी दिसत होती आणि फोन बंद पडला. मी स्टेशनच्या गेटपाशी उभी, तिकीट फोनमध्ये, मागे रांग. बटण दाबून धरलं तर नुसती रिकाम्या बॅटरीची खूण. मागून आवाज आला, ‘अहो, बाजूला तरी व्हा!’ झाले बाजूला. पर्समधली पॉवर बँक काढून केबल खुपसली, दोन मिनिटं त्या काळ्या काचेकडे बघत बसले. फोन चालू झाला तेव्हा बॅटरी किती? ३२ टक्के. म्हणजे चार्ज आत होता, फोनला तो वापरता येत नव्हता. तोपर्यंत गाडी गेली होती.

हे आता आठवड्यातून तीनदा होतं. बॅटरी जुनी झाली की तिचा आतला रोध वाढतो. मग कॅमेरा उघडला, थंडी पडली, नेटवर्क कमजोर असल्यामुळे फोनला जास्त जोर लावावा लागला, की व्होल्टेज एकदम खाली येतं आणि फोन धाडकन बंद होतो. यात काही गूढ नाही. जुन्या बॅटरीचे आयफोन असे अचानक बंद पडू नयेत म्हणून आपण सॉफ्टवेअरमधून त्यांचा वेग कमी करतो, हे ॲपलने डिसेंबर २०१७ मध्ये कबूल केलं, तेव्हा केवढा गदारोळ झाला होता! त्यामुळे बॅटरी म्हातारी झाली याबद्दल माझं काही म्हणणं नाही. ती होणारच. माझ्या डोक्यात तिडीक जाते ती वेगळ्याच गोष्टीने. हा फोन मी बदलू शकत नाही. पैसे आहेत, गरज आहे, कुठला घ्यायचा तेही ठरलंय, आणि तरी बदलू शकत नाही. कारण हा फोन मी मोबाइल कंपनीकडूनच घेतलाय, त्याची किंमत दर महिन्याच्या बिलातून फेडायची असं २४ महिन्यांचं कॉन्ट्रॅक्ट आहे, आणि आत्ता एकोणिसावा महिना चालू आहे.

कंपनीच्या ॲपमध्ये अपग्रेडचं एक पान आहे. तिथे माझ्या नावाखाली एक करड्या रंगाचं बटण, दाबलं तरी दबत नाही. त्याखाली लिहिलंय, ‘आपण अद्याप अपग्रेडसाठी पात्र नाही.’ पात्र नाही म्हणजे काय? एकोणीस महिन्यांत एक बिल चुकवलं नाही, एक दिवस उशीर केला नाही. आजारी पडून अंथरुणात होते तेव्हासुद्धा बिल वेळेवर भरलं. आणि ही कंपनी मला पात्रता शिकवणार?

जरा हे आकडे बघा. फोनची वॉरंटी १२ महिने. ॲपलच्याच माहितीनुसार आयफोन १४ पर्यंतच्या मॉडेल्सची बॅटरी ५०० पूर्ण चार्जनंतर ८० टक्के क्षमता टिकवेल अशी बनवलेली असते. माझा फोन दुसऱ्या कंपनीचा आहे, पण अंदाजासाठी हाच आकडा धरते. रोज एक पूर्ण चार्ज वापरणाऱ्याचे ५०० चार्ज साधारण साडेसोळा महिन्यांत संपतात. आणि कॉन्ट्रॅक्ट? २४ महिने. काही ठिकाणी आता ३६ सुद्धा. म्हणजे वॉरंटी आधी संपते, मग बॅटरी थकते, आणि त्यानंतरही कितीतरी महिने मी त्याच फोनला बांधलेली. हे सगळे आकडे कॉन्ट्रॅक्ट करणाऱ्यांना माहीत असतात, आणि तरीही मुदत २४ महिन्यांचीच.

मी कस्टमर केअरला फोन केला. बावीस मिनिटं होल्डवर. हातात गरम झालेला फोन, त्यात खुपसलेली केबल, भिंतीच्या सॉकेटपासून हलायची सोय नाही. शेवटी एक मुलगा बोलायला आला. अगदी नम्र होता, त्याच्यावर माझा राग नाही. मी त्याला एकच प्रश्न विचारला.

‘माझ्या हँडसेटचे किती पैसे फिटले आणि किती राहिले?’

‘मॅडम, आपला प्लॅन बंडल्ड आहे.’

‘ते कळलं. त्यात फोनचे किती?’

‘मॅडम, ते वेगळं दाखवलेलं नसतं.’

‘पण दर महिन्याला मी भरते त्यात फोनचा हप्ता आहे ना?’

‘हो मॅडम, त्यात सगळंच येतं.’

‘मग सगळ्यातला फोनचा भाग किती?’

‘मॅडम, माझ्याकडे एकच रक्कम दिसते.’

इथेच सगळी मेख आहे, आणि याचाच मला संताप आहे. कुठूनही हप्त्यावर वस्तू घेतली तर मुद्दल किती, व्याज किती, राहिलं किती, हे कागदावर मिळतं. शिलाई मशीन घ्या, फ्रिज घ्या, कर्ज घ्या. मोबाइलच्या अशा बंडल्ड, म्हणजे फोन आणि सेवा एकत्र बांधलेल्या, कॉन्ट्रॅक्टमध्ये मात्र फोनची किंमत बिलात अशी मुरवलेली असते की मीठ वरणात विरघळावं तशी ती परत वेगळी काढताच येत नाही. आणि ती वेगळी दिसत नाही म्हणूनच मला कशाचाच हिशेब मागता येत नाही. किती फिटलं ते कळत नाही, म्हणून राहिलेलं एकरकमी भरून मोकळंही होता येत नाही.

मोकळं व्हायचंच असेल तर काय, तेही त्या मुलाने सांगितलं. राहिलेल्या पाच महिन्यांची पूर्ण बिलं एकदम भरायची. फक्त फोनचा उरलेला हप्ता नव्हे, पूर्ण बिल! म्हणजे जे कॉल मी करणार नाही आणि जो डेटा मी वापरणार नाही, त्याचेही पैसे. मी गेल्यावर माझ्यासाठी त्यांना एक पैसाही खर्च करायचा नाही, तरी वसुली पूर्ण. याला ते मुदतपूर्व समाप्ती शुल्क म्हणतात. मी याला लूट म्हणते.

मग दुसरा मार्ग, ‘अर्ली अपग्रेड’. वाटलं, चला, निदान काहीतरी आहे. नीट ऐकलं तेव्हा कळलं की हे आगीतून फुफाट्यात आहे. जुन्या कॉन्ट्रॅक्टचा उरलेला भाग भरायचा, जुना फोन त्यांना परत द्यायचा, आणि नव्या फोनबरोबर महिने पुन्हा एकपासून मोजायला सुरुवात. एकोणीस महिने भरलेले गेले, समोर परत कोरे २४. वर हातात काहीच उरत नाही, कारण ज्या फोनचे पैसे भरले तो तर त्यांच्याकडे गेला.

जुना फोन परत घेण्याचीही तऱ्हा आहे. माझ्या फोनच्या वरच्या कोपऱ्यात एक तडा आहे, नखाएवढा. बोट फिरवलं तर जेमतेम जाणवतो. त्या एका तड्यामुळे फोन ‘खराब’ वर्गात गेला आणि त्याची किंमत जवळजवळ शून्यावर आली. मग बाहेर विकावा म्हटलं, तर फोन लॉक! त्यांच्याशिवाय दुसऱ्याचं सिम चालतच नाही. ज्याला विकायचा त्याने आधी त्यांचंच गिऱ्हाईक व्हायला हवं. लॉक काढून द्या म्हटलं तर उत्तर आलं की कॉन्ट्रॅक्ट पूर्ण झाल्यावर अर्ज करा. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं, अशी गत.

आणि मला सगळ्यात जास्त बोचलं ते शेवटी कळलं. मला हवाय तोच फोन, त्याच कंपनीकडून, नव्या गिऱ्हाइकाला माझ्यापेक्षा कमी मासिक बिलात मिळतोय. त्यांच्याच संकेतस्थळावर, पहिल्याच पानावर, भल्यामोठ्या अक्षरांत. ज्याने त्यांना आजवर एक पैसा दिला नाही त्याला सवलत, आणि जी वर्षानुवर्षं भरतेय तिला करडं बटण. याबद्दल विचारलं तेव्हा तो मुलगा क्षणभर गप्प बसला, मग म्हणाला, ‘मॅडम, ती ऑफर फक्त नवीन कनेक्शनसाठी आहे.’

बंडलचा आणखी एक फास आहे, तो फारसा कुणाच्या लक्षात येत नाही. समजा मी मुकाट्याने २४ महिने काढले. फोन फिटला. मग पंचविसाव्या महिन्याचं बिल कमी व्हायला हवं ना? फोनचा हप्ता तर संपला! पण तुम्ही स्वतःहून फोन करून प्लॅन बदलला नाहीत तर अशा प्लॅनमध्ये तीच रक्कम पुढेही कापली जाते. फिटलेल्या फोनचे पैसे माणूस भरतच राहतो, कारण बिलावर हप्ता संपल्याची ओळच नसते. घरातली वयस्कर माणसं आठवून बघा. बिल आलं की भरायचं, एवढंच त्यांना ठाऊक. त्यांच्या खात्यातून ही रक्कम वर्षानुवर्षं जात असेल, तर कुणी उठून त्यांना सांगायला जाणार आहे का?

कुणी म्हणेल, सही करताना वाचायचं होतं. वाचलं होतं! २४ महिने हे मला माहीत होतं. पण त्या कागदावर फोनची किंमत, तिचा मासिक हप्ता आणि प्रत्येक महिन्यानंतर उरणारी बाकी, हे नव्हतंच. जे छापलेलंच नाही ते मी वाचायचं कसं?

आणि हे अशक्य आहे असं मला कुणी सांगू नये. अमेरिकेत टी-मोबाइलने २०१३ मध्येच दोन वर्षांची कॉन्ट्रॅक्टं मोडीत काढून फोनचा हप्ता आणि सेवेचं बिल वेगळं केलं. कॅनडात २०१३ मध्येच नियम आला की करार मोडण्याचं शुल्क दर महिन्याला कमी होत गेलं पाहिजे आणि २४ महिन्यांत शून्यावर आलं पाहिजे. त्याच देशात १ डिसेंबर २०१७ पासून फोन अनलॉक करूनच विकायचा. ब्रिटनमध्ये डिसेंबर २०२१ पासून मोबाइल कंपन्यांना लॉक केलेला फोन विकता येत नाही. या ठिकाणच्या कंपन्या काही बुडाल्या नाहीत, धंदा व्यवस्थित चालू आहे. म्हणजे हप्ता वेगळा दाखवता येतो, बाकी महिन्यागणिक उतरती ठेवता येते, लॉक नसला तरी फोन विकता येतो. जिथे कायद्याने भाग पाडलं किंवा कंपनीने स्वतःहून ठरवलं, तिथे हे करता येतं. जिथे यातलं काहीच नाही तिथे गिऱ्हाइकाला अडकवून ठेवतात.

मला नवा फोन फुकट नको. फुकट फोन अशी काही वस्तूच नसते. माझा फोन कितीचा होता ते लिहा, दर महिन्याला त्यातले किती फिटले ते लिहा, राहिले किती ते लिहा. बिलावर तीन ओळी. वीजबिलावर मागचं रीडिंग आणि चालू रीडिंग असतं ना, तेवढं साधं. मग मला फोन बदलायचा असेल तर मी राहिलेली बाकी एका दमात टाकीन आणि निघेन. त्यांचेही पैसे बुडणार नाहीत, माझेही. ते हे करत नाहीत, कारण बाकी दिसली की माणूस निघून जाऊ शकतो.

काल बॅटरी बदलून आणली. स्वतःच्या पैशाने, बाहेरच्या माणसाकडून. जो फोन पाच महिन्यांनी टाकायचाच आहे, त्याच्यात वर पैसे घातले, कारण पुन्हा त्या गेटपाशी तशी उभी राहणार नाही. दुकानातल्या माणसाने जुनी बॅटरी काढून दाखवली, एका बाजूने फुगलेली, चिमटीत धरली तर उशीसारखी दबत होती. असल्या बॅटरीचा फोन महिनोन् महिने रात्री मी उशाशी ठेवून झोपत होते. म्हणजे गोष्ट नुसत्या गैरसोयीपुरती नव्हती.

त्यांना लेखी तक्रार पाठवली आहे. त्यात कुठलीही भरपाई मागितलेली नाही, फक्त तो एकच प्रश्न पुन्हा विचारला आहे: हँडसेटचे किती फिटले, किती राहिले? उत्तर आलं आहे. आपला प्लॅन बंडल्ड आहे, आपल्या सहकार्याबद्दल आभार. मी परत पाठवली. दर आठवड्याला पाठवणार आहे. कॉन्ट्रॅक्ट संपण्याची तारीख डायरीत लिहून ठेवली आहे, आणि त्या दिवशी सकाळी पहिलं काम नंबर दुसरीकडे पोर्ट करायचं.