मी पडलो नाही म्हणे, बस थांबली

काल संध्याकाळी मी भर बसमध्ये एका अनोळखी माणसाच्या मांडीवर जाऊन बसलो. हौसेने नाही. ड्रायव्हरने कचकन ब्रेक मारला, हातातली दांडी सुटली आणि मी थेट एका काकांच्या मांडीत, वर त्यांच्या छत्रीचं टोक माझ्या बरगडीत. आता एवढं झाल्यावर समोरचा काय म्हणतो? 'लागलं का हो' किंवा 'डोळे फुटले का', मला दोन्ही चाललं असतं. काका खूश होऊन म्हणाले, "जडत्व!"

मी म्हटलं, "सॉरी काका, वाढलंय थोडं वजन, पण..."

"वजन नाही हो! जडत्व. तुम्ही पडलाच नाहीत. बस थांबली, तुम्ही फक्त चालू राहिलात."

उठायला गेलो तर त्यांनी माझा दंड धरला. "थांबा, घाई काय. वस्तुमान किती तुमचं?" म्हटलं ७८ किलो. "छान. आणि वजन?" म्हटलं तेच की, ७८. त्यावर त्यांचा चेहरा असा पडला की जणू मी त्यांच्या मांडीवर नाही, त्यांच्या अख्ख्या नोकरीवर बसलोय. वजन म्हणजे पृथ्वी आपल्याला किती जोराने ओढते ते, न्यूटनमध्ये सांगायचं, ७८ गुणिले ९.८, म्हणजे साधारण ७६४ न्यूटन, आणि चंद्रावर त्याचा जेमतेम सहावा हिस्सा. मी आपलं समजुतीने म्हटलं, म्हणजे तिकडे तुम्हाला कमी लागलं असतं. "तिथेच चुकता!" काका आता ऑलमोस्ट ओरडत होते, "वस्तुमान तिथेही ७८च! चंद्रावरच्या बसने असाच ब्रेक मारला असता तरी तुम्ही एवढ्याच जोरात आला असता. उलट जास्तच, कारण वजन कमी म्हणजे बुटांखालचं घर्षण कमी!" शेजारच्या मुलीने कानातले इअरफोन काढले. फुकट करमणूक कोण सोडतं.

मग मी तसाच मांडीवर असताना त्यांनी तोंडी गणित केलं. ताशी ४० किलोमीटर म्हणजे सेकंदाला ११ मीटर, ते २ सेकंदात शून्यावर, म्हणजे दर सेकंदाला साडेपाच मीटरने वेग उतरला, गुणिले ७८, जवळपास ४३० न्यूटन. "एवढं बल कोणीतरी तुम्हाला मागच्या दिशेने लावायला हवं होतं. थोडं बुटांनी लावलं, थोडं दांडीने. उरलेलं मी."

शाळेत हाच प्रश्न असायचा, शास्त्रीय कारणे लिहा, बस अचानक थांबल्यास उभा प्रवासी पुढे फेकला जातो. मी दरवेळी दोन ओळी लिहून फुल मार्क घेतलेत. पण तो प्रवासी फेकला जाऊन गेला कुठे, कोणाच्या अंगावर पडला, त्याला कोणी काय ऐकवलं, हे ना पुस्तकात होतं ना बाईंनी सांगितलं. त्याला नावसुद्धा नाही बिचाऱ्याला. इतकी वर्षं पिढ्यानपिढ्या तो फेकला जातोय आणि आपण आपले मार्क मोजतोय.

आणि खरं सांगू का, यात अ‍ॅरिस्टॉटलचं बरं होतं. त्याचं म्हणणं, ढकलत राहिलं तरच वस्तू चालते, ढकलणं थांबलं की थांबते. ते खरं असतं तर बससोबत मीही जागच्या जागी थांबलो असतो, इज्जत वाचली असती. पण आधी गॅलिलिओला वाटलं की घर्षण काढून टाकलं तर वस्तू चालतच राहील, मग १६८७ मध्ये न्यूटनने त्याचा नियमच छापला, आणि झालो मी मांडीनशीन.

या सगळ्यात ड्रायव्हरला कोणी एक शब्द बोललं नाही, हे मला अजून खुपतंय. पुढे ना कुत्रं ना मांजर, सिग्नल लांबून दिसत होता. तोच ब्रेक २ सेकंदांऐवजी ६ सेकंदांत मारला असता तर बल एक तृतीयांशावर येतं, दीडशेच्याही खाली, एवढं माझ्या बुटांनी एकट्यांनी झेललं असतं. हे काकांचंच गणित आहे. पण ते पुढे जाऊन ड्रायव्हरला शिकवायचं नाही, ते मला शिकवायचं, कारण मी हलू शकत नव्हतो. आणि उभ्या माणसाने धरायच्या त्या दांड्या कोणाच्या उंचीच्या हिशोबाने लावतात तेही एकदा कळू दे. बसून प्रवास करणाऱ्यानेच लावल्या असणार.

शेवटी बस निघाली, निघतानाही हिसका देऊनच, त्यामुळे मी जेमतेम उभा राहतोय तोवर परत मागे. मागून आवाज आला, "बघा! आता स्थिर वस्तूचं जडत्व!"

घरी येऊन शर्ट वर करून बघितलं, बरगडीवर बटणाएवढा काळानिळा डाग. टोक बारीक, म्हणून दाब जास्त, हेही काकांनी उतरताना सांगितलं होतंच. न्यूटनच्याच तिसऱ्या नियमाप्रमाणे मीही छत्रीला तेवढंच बल लावलं असणार. पण तिचं काही वाकडं झालेलं मला दिसलं नाही.