संसार टिकवायचाय? मग क्षमा बिलकूल करू नका

घटस्फोट फार सोपा झालाय, असं तुमचं मत आहे. सरकारने कारणांची यादी आवळावी, उठसूट कोणीही कोर्टाची पायरी चढू नये, असं तुम्ही चारचौघांत ठासून सांगता. उत्तम. इतकं ठाम मत असलेल्या माणसाचा संसार सुखाचाच असणार, त्यामुळे पुढचे सल्ले तुम्हाला स्वतःसाठी लागणार नाहीत. मेहुण्यासाठी, भाचीसाठी म्हणून वाचून ठेवा.

आधी यादी. हिंदू विवाह कायद्यात व्यभिचार, क्रूरता, दोन वर्षांचा परित्याग, धर्मांतर, मनोविकार अशी कारणं आहेत. ‘आमचं पटत नाही’ हे त्यात नाही. तुम्हाला हवी तशी आवळ यादी पाहायची असेल, तर मूळ 1955 चा कायदा काढा. नवरा मारतो म्हणून तेव्हा फार तर न्यायिक फारकत मिळे, म्हणजे वेगळं राहायचं पण लग्न कायम. मारणाऱ्या नवऱ्याला बरा न होणारा कुष्ठरोग झाला, तर मात्र थेट घटस्फोट. क्रूरता घटस्फोटाच्या यादीत यायला 1976 उजाडलं, आणि कुष्ठरोग यादीतून जायला 2019.

आता प्रत्यक्ष कामाचं. अर्ज करायचा तर समोरच्याचा दोष सिद्ध करावा लागतो, आणि तुमचं वागणं त्याच कायद्याच्या कलम 23 च्या चाळणीतून जावं लागतं. तेव्हा भाचीला पहिला सल्ला द्या: काहीही झालं तरी क्षमा करू नकोस. क्रूरतेला क्षमा केली, असं दिसलं की त्या क्रूरतेच्या जोरावर मागितलेला घटस्फोट अडतो. उलटतपासणी साधारण अशी चालते.

‘जाबदाराने, म्हणजे तुमच्या पतीने, 12 तारखेला तुम्हाला मारहाण केली असं तुमचं म्हणणं आहे?’

‘हो.’

‘आणि 14 तारखेला तुम्ही दोघं नात्यातल्या एका लग्नाला गेला होतात?’

‘हो.’

‘हा फोटो तिथलाच ना? यात तुम्ही हसताय.’

आता तिने काय सांगावं? फोटोवाला ‘स्माईल’ म्हणाला म्हणून? सासूबाई शेजारी उभ्या होत्या म्हणून? त्यापेक्षा लग्नाच्या पहिल्या दिवसापासून प्रत्येक फोटोत तोंड पाडून उभं राहायचं. पुढे उपयोगी पडतं. आणि हसू चुकून निघालंच, तरी भाचीला धीर द्या: त्याने पुन्हा हात उचलला की माफ केलेली जुनी मारहाणही जिवंत होते, असं वकीलच सांगतील. म्हणजे वाट पाहायची.

पण फार वाट पाहू नये. अर्जाला विनाकारण उशीर झालेला नाही, हेही कोर्टाला दिसावं लागतं. आई म्हणते दम धर, मावशी म्हणते मूल झालं की सुधारेल, तुम्ही स्वतः तिला म्हणालात की पेल्यातलं वादळ आहे. या सगळ्यांचं ऐकून तिने पाच वर्षं काढली, तर तेवढे दिवस का गप्प बसलीस, याचा खुलासा तिनेच द्यायचा. तुम्हाला कोणी साक्षीला बोलावणार नाही, निश्चिंत असा.

तिसरा सल्ला मेहुण्याला. बायकोशी एकमत होऊ देऊ नकोस. दोघांनी ठरवून एकाचा दोष पुढे केला, तर ते संगनमत, आणि संगनमताचा अर्ज चालत नाही. सारा जन्म ‘दोघांनी एका विचाराने वागा’ म्हणून आशीर्वाद दिलेले असतात. तसे ते पहिल्यांदाच वागले, तर आपण त्यांना पकडायचं. याला एक मोठं भोक आहे, 1976 पासूनच्या परस्परसंमतीच्या घटस्फोटाचं. वर्षभर वेगळं राहून दोघांनी अर्ज द्यायचा आणि निदान सहा महिने थांबायचं. पण ते सहा महिनेही योग्य प्रकरणात माफ करता येतात, असं सर्वोच्च न्यायालयाने 2017 मध्ये सांगून टाकलं. दोन माणसं आरडाओरडा न करता वेगळी होतात, मुलांसमोर एकमेकांचे वाभाडे काढत नाहीत. हे बंद झालंच पाहिजे. तुमच्या मोहिमेने सुरुवात इथूनच करावी.

परदेशी अनुभवही गाठीला असू द्या. इंग्लंडमध्ये 1937 च्या सुधारणेआधी व्यभिचार हेच जवळजवळ एकमेव कारण होतं. त्यामुळे सभ्य नवरे समुद्रकाठच्या हॉटेलात खोली घेत, पैसे देऊन एक बाई आणत आणि सकाळी चहा घेऊन येणारी मोलकरीण दोघांना नीट पाहील याची काळजी घेत. चिलीमध्ये 2004 पर्यंत घटस्फोटच नव्हता. तिथे साक्षीदार शपथेवर सांगत की लग्नाच्या वेळी दिलेला पत्ता खोटा होता, म्हणजे त्या अधिकाऱ्याला हे लग्न लावायचा अधिकारच नव्हता. झालं, लग्न रद्द! वीस वर्षांचा संसार, तीन मुलं, आणि लग्न झालंच नव्हतं. नीतिमत्ता अशी जपावी लागते.

एक गोष्ट मात्र सभेत काढू नका. अमेरिकेत ज्या राज्यांनी दोष सिद्ध न करता एकतर्फी घटस्फोट मान्य केला, तिथे स्त्रियांच्या आत्महत्या 8 ते 16 टक्क्यांनी घटल्या, असा निष्कर्ष दोन अर्थशास्त्रज्ञांनी 2006 मध्ये मांडला. घरगुती हिंसाही बरीच कमी झाली म्हणे. असले आकडे ऐकले की लोक विनाकारण भावनिक होतात.

आपल्याकडे काळजीचं फारसं कारण नाही. लग्न सावरता येणार नाही इतकं मोडलंय, हेच कारण कायद्यात घाला, अशी शिफारस विधी आयोगाने 1978 मध्ये केली. 2013 मध्ये तसं विधेयक राज्यसभेत मंजूर झालं आणि पुढे बारगळलं. 2023 च्या निकालानुसार या कारणावर घटस्फोट देता येतो, पण तो फक्त सर्वोच्च न्यायालयाला, संविधानाच्या अनुच्छेद 142 मधल्या खास अधिकाराखाली. म्हणजे तालुक्यात मोडलेलं लग्न मोडलंय, हे दिल्लीला गेल्यावर कळतं.

एवढं करूनही मेहुणा ऐकेना, तर कलम 13 मध्ये संन्यास आहे. त्याने रीतसर सर्वसंगपरित्याग करून एखाद्या पंथात जावं. अर्थात त्या कारणावर अर्ज त्याच्या बायकोनेच करायचा असतो. तेवढा कर, म्हणून त्याने जाण्यापूर्वी तिला विनवलं आणि ती हो म्हणाली, तर ते संगनमत.