सरकीतलं ‘विष’ आणि जिनिंगमधली धूळ

कापूस घरात यायला लागला की खान्देशातल्या ग्रुपांवर हा मजकूर फिरतोच: “बीटी सरकीत एंडोटॉक्सिन हे जंतूंचं विष असतं. ढेपेतून ते दुधात उतरतं, तेलातून पोटात जातं, उकळूनही मरत नाही.”

सगळा घोळ नावाचा आहे. १८९२ च्या सुमारास बर्लिनमध्ये रिचर्ड फायफरला दिसलं की पटकीचे मेलेले जंतू टोचले तरी गिनिपिग दगावतात. विष जंतूच्या अंगातच आहे, म्हणून ‘एंडो’, आतलं. जिवाणूंचे दोन मोठे गट, ग्राम-निगेटिव्ह आणि ग्राम-पॉझिटिव्ह; हे एंडोटॉक्सिन ग्राम-निगेटिव्ह जिवाणूंच्या बाहेरच्या आवरणात असतं. वर साखरेची लांब साखळी, बुडाशी लिपिड ए: दोन शर्करा, त्यांना फॉस्फेट आणि चरबीच्या शेपट्या, ई. कोलायमध्ये सहा. विषारीपणा या बुडख्यातच. रक्तात अगदी कणभर गेलं तरी थंडी वाजून ताप भरतो. बीटी म्हणजे बॅसिलस थुरिंजिएन्सिस, ज्याचं जनुक कपाशीत घातलंय तो जिवाणू; तो ग्राम-पॉझिटिव्ह, त्याला हे आवरणच नाही. त्याचं ‘डेल्टा-एंडोटॉक्सिन’ हे निव्वळ प्रथिन, त्याचे स्फटिक पेशीच्या आत बनतात म्हणून ते नाव पडलं.

उकळण्याचं म्हणाल तर ते खऱ्या एंडोटॉक्सिनला लागू आहे. ते घालवायला २५० अंशांची कोरडी उष्णता अर्धा तास लागते. प्रथिन मात्र उष्णतेनं मोडतं, आणि रिफाइंड तेलात ते जवळपास उरतच नाही.

बोंडअळीच्या अल्कधर्मी आतड्यात हे प्रथिन विरघळतं, तिथल्या ठरावीक रेणूंना चिकटून भोकं पाडतं. आपल्या आतड्यात ते रेणू नाहीत, आणि आम्लात हे प्रथिन पचून जातं. बीटीबद्दल तक्रारी करायला जागा आहे, गुलाबी बोंडअळी तिला जुमानत नाही हे शेतकऱ्याला कुणी सांगायला नको. पण ही तक्रार खोटी आहे.

खरं एंडोटॉक्सिन बघायचं तर जिनिंगमध्ये जा. कपाशीच्या पानाबोंडांवर ग्राम-निगेटिव्ह जिवाणू वाढतात, वाण बीटी असो की देशी. सरकी-रुई वेगळी करताना पानांच्या चुऱ्यासोबत ते धुळीत उडतात. रेच्यापाशी, म्हणजे सरकी काढणाऱ्या यंत्रापाशी, उभ्या बाईच्या भुवया पांढऱ्या झालेल्या असतात, तोंडावर नुसता पदर. सुट्टीनंतर कामावर आल्या दिवशी छाती आवळते, खोकला येतो, मग दोन दिवसांनी सवय होते असं वाटतं. ही बिसिनोसिसची, म्हणजे कापसाच्या धुळीनं होणाऱ्या फुप्फुसांच्या आजाराची, ओळखीची खूण आहे. वर्षानुवर्षं तसंच चाललं तर दम कायमचा लागतो. तिला पदराऐवजी नीट बसणारा मास्क, यंत्रावर धूळ ओढणारे पंखे आणि हंगामाआधी-नंतर फुंकर मारून फुप्फुसांची तपासणी मिळाली पाहिजे.