जुनी गाडी, अमेरिकन सीट आणि माझा गुडघा

आमची गाडी 2008 ची. 2023 ला पंधरा वर्षं भरली तेव्हा आरटीओत जाऊन, फिटनेस दाखवून, पर्यावरण कर भरून तिला अजून पाच वर्षं मिळवून दिली. आणि जावई ऑफिसच्या कामाला आला तेव्हा नातवासाठी गाडीत बांधायची जी चाइल्ड सीट ठेवून गेला तिच्या बुडाला मात्र प्लास्टिकमध्येच छापलंय की अमुक तारखेनंतर वापरू नका. म्हणजे सीटला एक्स्पायरी आणि गाडीला मुदतवाढ, आणि या दोघांचं लग्न मी लावायचं. लेक न्यू जर्सीहून यायच्या आत.

लेकीने बजावून ठेवलेलं, बाबा, सीटशिवाय तो गाडीत बसणार नाही, आणि तोंड मागच्या काचेकडेच हवं. चौदा महिन्यांचं पोर, मानेत अजून दम नसतो, समोरून धडक झाली तर उलटं बसलेलं असलं की झटका सगळ्या पाठीवर वाटला जातो. हे मला पटलं. न पटायला काय आहे. आमच्या शेजाऱ्यांना पटलं नाही, ते पार्किंगमध्ये खुर्ची टाकून बसले आणि म्हणाले, आपली पोरं डिकीत बसून महाबळेश्वरला गेली, काय झालं? मी त्यांना 2019 ची मोटार वाहन कायद्यातली दुरुस्ती सांगितली, चौदा वर्षांखालचं मूल बेल्ट किंवा चाइल्ड सीटशिवाय नेलं तर हजार रुपये दंड. ते म्हणाले, कधी कुणाला झालेला बघितलाय का? यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं.

व्हिडिओ कॉल लावला. तिकडे रात्र, लेक जांभया देत सांगतेय, "बाबा, बसायची गादी आणि पाठ यांच्या फटीत हात घाला, लोखंडी कड्या लागतील, त्यात हुक अडकवायचे." घातला हात कोपरापर्यंत. शेंगदाण्याची टरफलं, दहाचं नाणं, टोलची पावती आणि हिची हरवलेली कुडी, जिच्यावरून आमच्यात मोठं भांडण झालं होतं. कड्या नाहीत. अमेरिकेत 2002 पासून नव्या गाड्यांना त्या द्यायलाच लागतात, आमच्या गाडीला कोण देणार होतं? ही गाडी बनली तेव्हा आपल्याकडे चाइल्ड सीट म्हणजे आजीची मांडी.

मग बेल्टने बांधायचं ठरलं. तर बेल्टचा खटकाच सापडेना. नाना पेठेतून हौसेने रेक्झिनची कव्हरं घालून आणली होती, त्या कव्हरवाल्याने मागचे खटके सरळ गादीखाली सारून दिलेले, कारण मागे बेल्ट लावतो कोण! गादी उचलली, खटके बाहेर काढले, आणि रेक्झिनवर सीट साबणासारखी घसरते म्हणून कव्हरंही काढली. हिने विचारलं, "अहो, ती धुवायला टाकू का?" म्हणलं, टाक.

लेक म्हणे, आता बेल्ट पूर्ण बाहेर ओढा, शेवटपर्यंत, मग सोडताना टकटक आवाज येईल आणि तो फक्त आत जाईल, बाहेर येणार नाही. ओढला. सोडला. आवाज नाही, निवांतपणे आत गेला आणि पुन्हा ओढला तर निवांतपणे बाहेर. तिकडच्या गाड्यांमधला बेल्ट असा लॉक करता येतो. आपला फक्त झटका बसला की अडकतो, एरवी ढिलाच. माणसासाठी ते बरोबर आहे, पुढे वाकून पाण्याची बाटली घेता येते, पण सीटला बाटली घ्यायची नसते ना, तिला एका जागी गप्प बसायचं असतं.

यावर उपाय सीटच्या पाठीमागेच चिकटवलेला निघाला. इंग्रजी एच आकाराची छोटी लोखंडी क्लिप. बेल्ट घट्ट ओढायचा, खटक्याजवळ कमरेचा आणि खांद्याचा असे दोन्ही पट्टे चिमटीत धरायचे, चिमूट न सोडता खटका उघडायचा, बेल्टच्या खटक्यात शिरणाऱ्या जिभेपासून अर्ध्या इंचावर ती क्लिप दोन्ही पट्ट्यांत ओवायची आणि परत खटका लावायचा. वाचायला सोपं आहे. घट्ट केलेला बेल्ट परत लागतच नाही, कारण तो घट्ट आहे! मग गुडघा सीटमध्ये रोवायचा, सगळं वजन टाकायचं, डोकं गाडीच्या छताला, आणि बाहेरून शेजारी सांगतायत, डावीकडून दाबा, डावीकडून.

हालते का बघायची परीक्षा अशी की बेल्ट जातो तिथे धरून हलवायची, एक इंचापेक्षा जास्त हलता कामा नये. एक इंच! मी भोसरीत आयुष्यभर इन्स्पेक्शनला होतो, पंचवीस मायक्रॉनवरून माल परत पाठवलाय, व्हेंडर लोक मला बघून चहा घेतल्याशिवाय निघून जायचे. आणि इथे पंचवीस मिलिमीटरचा टॉलरन्स देऊनही जॉब रिजेक्ट, पुन्हा गुडघा, पुन्हा रिजेक्ट. शेवटी बसली तेव्हा आख्खी गाडी हलली पण सीट नाही हलली.

तिरकेपणा उरला होता. सीटच्या बाजूला एक रेघ असते, ती जमिनीला समांतर आली पाहिजे, नाहीतर झोपेत पोराची मान पुढे पडते. आमच्या गाडीची मागची बैठक उताराची. मॅन्युअलात गुंडाळलेला टॉवेल चालेल असं लिहिलंय, टॉवेल पुरला नाही म्हणून सोलापुरी चादर लावली, अमेरिकन रेघ सरळ झाली. फक्त पुढची सीट इतकी पुढे घ्यावी लागली की हिचे गुडघे ग्लोव्ह बॉक्सला टेकले. "मी अशी बसू मुंबई विमानतळापर्यंत?" म्हणलं येताना तू मागे बस, नातवाशेजारी. लगेच राजी.

नातू आला, सीटमध्ये बसला, खालापूरच्या टोलपर्यंत भोकाड पसरून रडला आणि मग झोपला. मान सरळ.

दुसऱ्या दिवशी तुळशीबागेत जायचं निघालं. मी किल्ली घेतली तर लेक म्हणते, "नको बाबा, पार्किंग कुठे मिळणार, रिक्षाने जातो." आणि पोराला आजीच्या मांडीवर देऊन बसलीसुद्धा. म्हणलं, अगं, आणि सीट? तर म्हणे, रिक्षात बेल्टच नाहीत, बांधणार कशाला?